‘डार्क सन’ : एका वाळवंटी कथाविश्वाची नव्या नियमांत पुनर्रचना

प्रस्तावना

जुनी कलाकृती नव्या काळात पुन्हा मांडताना काय राखावे आणि काय सोडावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो आणि प्रत्येक वेळी मूळ कृतीचा गाभा कशात आहे याविषयी मतभेद होतात. खेळांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. खेळातील कथाविश्व केवळ वर्णनातून उभे राहत नाही. ते नियमांतूनही उभे राहते. वर्णन तसेच ठेवून नियम बदलले, तर कथाविश्वाचा अर्थ नकळत बदलतो.

प्रस्तुत लेखात ‘डार्क सन’ या १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कथाविश्वाचा या दृष्टीने विचार केला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळासाठी ते रचले गेले. सामर्थ्याची किंमत कोण मोजतो, हा ‘डार्क सन’चा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि तो या कथाविश्वाने प्रामुख्याने नियमांच्या भाषेत विचारला आहे. त्यामुळे त्याच्या कोणत्याही पुनर्रचनेची कसोटी हाच प्रश्न ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

भूमिका-खेळाचे स्वरूप

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. काही खेळाडू एका मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका स्वीकारतो. त्यांपैकी एक जण मात्र कोणा एका पात्राची भूमिका न घेता सूत्रधाराचे काम पाहतो. प्रसंगाचे वर्णन करणे, इतर सर्व पात्रे वठवणे आणि नियमांचा अर्थ लावणे ही त्याची जबाबदारी असते. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. शेवटी कोणी जिंकत वा हरत नाही. कथा सर्वांनी मिळून घडवलेली असते.

अशा खेळासाठी प्रकाशक तयार कथाविश्वे पुरवतात. भूगोल, इतिहास, राज्यव्यवस्था, प्राणिसृष्टी आणि त्या जगाला लागू पडणारे खास नियम यांचा त्यांत समावेश असतो. ‘डार्क सन’ हे टीएसआर या प्रकाशनसंस्थेने काढलेले असेच एक कथाविश्व होय. ट्रॉय डेनिंग व टिमोथी ब्राऊन हे त्याचे प्रमुख रचनाकार, तर ब्रॉम व टॉम बॅक्सा या चित्रकारांनी त्याला दृश्यरूप दिले.

अथास : एक उद्ध्वस्त भूमी

या कथाविश्वातील जगाचे नाव अथास. एकेकाळी हिरवेगार असलेले हे जग आता बहुतांशी ओसाड आहे. समुद्राच्या जागी बारीक धुळीचा अथांग विस्तार पसरला आहे. धातू इतका दुर्मीळ आहे की शस्त्रे हाड, लाकूड, दगड व ज्वालामुखीजन्य काचेची बनतात आणि नाणी भाजलेल्या मातीची असतात. देव नाहीत, पुरोहित उपासना करतात ती पृथ्वी, जल, अग्नी व वायू या तत्त्वांची. टायर, युरिक, राम, ड्राज, निबेने, गल्ग व बॅलिक ही सात नगर-राज्ये उरली आहेत आणि मूळ मांडणीत त्या प्रत्येकावर एकेका जादूगार-राजाची किंवा राणीची निरंकुश सत्ता आहे.

या जगाचे साहित्यिक पूर्वसूरी सहज ओळखता येतात. एडगर राइस बरोज यांच्या १९१२ पासून प्रसिद्ध झालेल्या मंगळावरील कथांत मरणोन्मुख ग्रहावरील लढवय्या नगरांचे चित्र होते. जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकात विझत चाललेल्या सूर्याखालील जादूगारांचे जग होते. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’ने पाण्याच्या दुर्भिक्षाला राजकारणाशी व परिसंस्थेशी जोडले. ‘डार्क सन’ने या परंपरेत स्वतःची एक भर घातली. अथासचे वाळवंट निसर्गाने घडवलेले नाही. ते जादूच्या बेसुमार वापरातून, म्हणजे सामर्थ्यवानांच्या कृतीतून घडले आहे.

नियमांतून बोलणारी टंचाई

अथासवर मंत्र टाकण्यासाठी लागणारी ऊर्जा वनस्पतींतून घेतली जाते. ही ऊर्जा जपून घेणारे ते ‘प्रिझर्व्हर’, म्हणजे संरक्षक. आणि परिणामांची पर्वा न करता ओरबाडून घेणारे ते ‘डिफायलर’, म्हणजे विध्वंसक. विध्वंसकाने मंत्र टाकला की त्याच्याभोवतीच्या ठरावीक परिघातील वनस्पती राख होतात आणि ती जमीन नापीक बनते. मंत्र जितका मोठा तितका परिघ मोठा.

एवढेच असते तर ती केवळ एक कल्पक रूपककथा ठरली असती. मात्र १९९१ च्या नियमांत याला एक आकडेबद्ध बाजू होती. भूमिका-खेळात पात्रे अनुभवाचे गुण मिळवून वरच्या पातळीवर जातात. विध्वंसकाला वरची पातळी गाठण्यासाठी संरक्षकापेक्षा कमी गुण लागत. एकाच मेजावर बसलेल्या दोन खेळाडूंपैकी जमीन जाळणारा लवकर पुढे जातो आणि जमीन राखणारा मागे रेंगाळतो, हे कोणी भाषणातून सांगण्याची गरज उरत नसे; ते कोष्टकातच दिसत असे. विनाश का होतो याचे उत्तर येथे दुष्टपणात शोधलेले नाही. विनाश लाभदायक आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शेताला मोजावी लागते, हे त्याचे कारण आहे.

इतर नियमही याच सूत्राला धरून होते. धातूविरहित वस्तूंची किंमत मूळ नियमपुस्तकातील किमतीच्या एक टक्का ठरवली होती, तर धातूच्या वस्तूंची किंमत पूर्ववत होती. परिणामी पोलादी तलवार ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची चीज झाली. पात्रांची सुरुवात पहिल्याऐवजी तिसऱ्या पातळीवर होई आणि प्रत्येक खेळाडूने एकाऐवजी चार पात्रांचा संच तयार ठेवावा अशी योजना होती; कारण त्यांतील काही मरणार हे गृहीतच होते.

१९९१ ते २०१० : दोन पुनर्रचना

कथाविश्वाबरोबरच ट्रॉय डेनिंग यांची पाच कादंबऱ्यांची मालिका १९९१ ते १९९३ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच भागात टायरचा राजा कलक मारला जातो आणि गुलाम मुक्त होतात. पुढील भागांत या जगातील बहुतेक मोठे प्रश्न कादंबरीतील नायकच धसास लावतात. १९९५ च्या सुधारित आवृत्तीने हा सर्व इतिहास स्वीकारला. कथा म्हणून ते सुसंगत होते. परंतु खेळ म्हणून त्यातून एक अडचण उद्भवली. ज्या जगातील निर्णायक कृत्ये आधीच कोणी पार पाडली आहेत, तेथे खेळाडूंना प्रेक्षकाची भूमिका उरते.

१९९७ साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या संस्थेने टीएसआर विकत घेतली. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली, पण ‘डार्क सन’चा स्वतंत्र ग्रंथ तिच्यासाठी निघाला नाही. तो निघाला २०१० साली, चौथ्या आवृत्तीसाठी. रिचर्ड बेकर, रॉबर्ट श्वाल्ब व रॉडनी थॉम्पसन यांनी त्यात काळरेषा मागे नेली. कलक नुकताच मारला गेला आहे, टायर नुकते स्वतंत्र झाले आहे आणि पुढे काय होणार हे अनिश्चित आहे, या क्षणावर त्यांनी कथाविश्व थांबवले. स्वातंत्र्य मिळाले आहे, पण टिकेल की नाही हे ठाऊक नाही. खेळाला याहून चांगला आरंभबिंदू मिळणे कठीण.

या आवृत्तीने विध्वंसाचा नियमही बदलला. विध्वंसक हा आता पात्राचा कायमचा प्रकार राहिला नाही. कोणताही जादूगार आपला प्रभावी मंत्र वापरताना ‘या वेळी ओरबाडावे का’ हा निर्णय घेऊ शकत असे. तसे केल्यास फासा पुन्हा टाकण्याची संधी मिळे आणि त्याच्या मोबदल्यात परिसरातील साथीदारांना इजा होई. यात लाभ आणि हानी दोन्ही झाल्या. मोह प्रत्येक प्रसंगी नव्याने समोर उभा राहू लागला, हा लाभ. किंमत वनस्पतींकडून साथीदारांकडे सरकली, हा बदल मात्र दुहेरी आहे. राख झालेले झुडूप तक्रार करत नाही. जखमी साथीदार मेजावरच तक्रार करतो. त्यामुळे किंमत दृश्य झाली. तथापि ज्यांचा आवाज मेजावर नाही अशांवर ती लादली जाते, हा मूळ नियमाचा बोचरा आशय काहीसा पुसला गेला.

शस्त्र मोडण्याचा नियम मात्र या आवृत्तीत नेमका साधला. फाशावर एक पडला, तर खेळाडूने चूक स्वीकारावी किंवा फासा पुन्हा टाकावा; पुन्हा टाकल्यास हाडाचे वा दगडाचे शस्त्र मोडणारच. येथे टंचाई ही खेळाडूच्या निवडीचा भाग बनली.

विपुलतेची नियमव्यवस्था आणि पाण्याचा प्रश्न

खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि २०२४ साली तिचे नियम सुधारण्यात आले. या दहा वर्षांत ‘रेव्हनलॉफ्ट’, ‘एबेरॉन’, ‘स्पेलजॅमर’, ‘ड्रॅगनलान्स’, ‘प्लेनस्केप’ ही जुनी कथाविश्वे नव्या ग्रंथांतून परतली. ‘डार्क सन’ परतले नाही. त्यामागील कारणांपैकी एक नियमांशी व दुसरे आशयाशी निगडित आहे. प्रथम नियमांचा विचार करणे सोयीचे ठरेल.

काही बाबतींत पाचवी आवृत्ती अथासला अनुकूल आहे. चौथ्या आवृत्तीतील गणित पात्रांजवळ जादुई शस्त्रे असतील असे धरून चाले. म्हणून त्यांच्या अभावी वेगळ्या भरपाईची तरतूद करावी लागली होती. पाचव्या आवृत्तीत जादुई वस्तू ऐच्छिक मानल्या आहेत. हाडाच्या तलवारीने लढणारे पात्र तेथे आपोआप अपंग ठरत नाही.

पाण्याच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे. २०१४ च्या नियमांनुसार पात्राला दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाणी लागते आणि उष्ण हवामानात ही गरज दोन गॅलन होते. ती न भागल्यास थकव्याच्या पायऱ्या चढत जातात आणि सहाव्या पायरीला मृत्यू येतो. हा नियम कठोर वाटतो. परंतु याच पुस्तकात पहिल्या दर्जाच्या एका मंत्राने दहा गॅलन स्वच्छ पाणी निर्माण करता येते. चार प्रवाशांची वाळवंटातील रोजची गरज आठ गॅलन. म्हणजे नवशिक्या पुरोहिताचा एक मंत्र संपूर्ण गटाची तहान भागवून दोन गॅलन शिल्लक ठेवतो. पहिल्याच दर्जाच्या दुसऱ्या एका मंत्राने दहा फळे मिळतात आणि त्यांतील प्रत्येक फळ एका माणसाला दिवसभर पुरते. शिवाय रात्रीच्या विश्रांतीनंतर पात्राच्या जखमा पूर्ण भरून येतात. अशा नियमांत वाळवंट उरते ते फक्त चित्रात.

यावर सरळ उपाय म्हणजे असे मंत्र वगळणे. तो सोपा आहे, पण पुरेसा नाही. कारण त्यातून केवळ अडचण वाढते, अर्थ वाढत नाही. अथासच्या तर्काला धरून असलेला उपाय वेगळा संभवतो. मंत्राने पाणी निर्माण होत नाही, ते जवळपासच्या भूमीतून ओढून आणले जाते, असा नियम करता येईल. पात्रांची तहान भागते. मात्र मैलभर अंतरावरील वस्तीची विहीर त्या दिवशी आटते. सूत्रधाराने ती विहीर आणि तिच्यावर जगणारी माणसे पुढील प्रसंगात समोर आणली, तर मंत्र वापरावा की नाही हा हिशेबाचा प्रश्न न राहता नीतीचा प्रश्न होतो. १९९१ च्या कोष्टकाने जे साधले होते, ते या मार्गाने आजच्या नियमांत साधता येते.

मानसिक शक्तींविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. मूळ अथासवर प्रत्येक पात्राजवळ काही ना काही मानसिक शक्ती असे. पाचव्या आवृत्तीत या शक्तींसाठी ‘मिस्टिक’ नावाचा स्वतंत्र वर्ग २०१५ पासून चाचणीसाठी मांडला गेला आणि नंतर सोडून दिला गेला. २०२० साली या शक्ती काही उपवर्गांपुरत्या नियमांत आल्या आणि २०२५ साली ‘सायॉन’ हा वर्ग चाचणीसाठी पुढे आला. त्याच वर्षी संरक्षण, विध्वंस, रिंगणातील मल्ल आणि जादूगार-राजाची चाकरी या कल्पनांवर आधारलेले चार उपवर्गही चाचणीसाठी प्रसिद्ध झाले. नियमांच्या पातळीवर पुनर्रचना अशक्य नाही, हे यावरून दिसून येते.

गुलामगिरीचे चित्रण : वगळणे की विचारणे?

खरी कोंडी आशयाची आहे. अथासची नगरे गुलामांच्या श्रमावर चालतात. रिंगणात माणसे झुंजवली जातात. ‘मुल’ नावाची जमात मानव आणि ठेंगू ‘ड्वार्फ’ यांच्या संकरातून, मुख्यतः कष्टासाठी व झुंजीसाठी पैदा केली जाते. २०२३ साली या खेळाचे तत्कालीन कार्यकारी निर्माते काइल ब्रिंक यांनी, हे कथाविश्व अनेक अंगांनी अडचणीचे असून त्याकडे न वळण्याचे तेच प्रमुख कारण आहे, अशा आशयाचे विधान केले होते. या सावधगिरीला नजीकची पार्श्वभूमी होती. २०२२ च्या ‘स्पेलजॅमर’ ग्रंथातील ‘हॅडोझी’ या वानरसदृश जमातीच्या पूर्वेतिहासात गुलामगिरीचे जे वर्णन आले होते, त्यावर वंशवादी प्रतिमांची आठवण करून देणारे म्हणून टीका झाली. प्रकाशकाने माफी मागून तो मजकूर काढून टाकला.

या दोन उदाहरणांत मात्र महत्त्वाचा भेद आहे. हॅडोझींच्या वर्णनात गुलामगिरी हा ओझरता तपशील होता; तो काढल्याने ग्रंथाचे काही बिघडले नाही. अथासमधून गुलामगिरी काढली, तर जुलूम करणारी सत्ता कोणावर जुलूम करते हेच सांगता येणार नाही. पहिल्या कादंबरीतील रिकस हा मल्ल आणि सदिरा ही जादू शिकलेली तरुणी हे दोघेही गुलामच आहेत आणि कथा त्यांच्या बंडाची आहे. जमीन ओरबाडणारी जादू आणि माणूस ओरबाडणारी सत्ता या अथासवर एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत. प्रतिवर्षी प्रत्येक नगराने एक हजार माणसे ड्रॅगनला अर्पण करावीत, ही या जगातील खंडणी त्याच वृत्तीचे टोक होय.

म्हणून विषय वगळण्यापेक्षा तो कोणत्या जागेवरून मांडला आहे हे तपासणे अधिक उचित ठरते. जुन्या ग्रंथांचा खरा दोष तेथे सापडतो. मुल पात्राला जन्मतःच जादा बळ मिळे. राबवून घेण्यासाठी पैदा केलेला माणूस राबण्यासाठीच घडला आहे, असे त्या नियमाने नकळत मान्य केले. मालकाचा युक्तिवाद नियमपुस्तकात निसर्गनियम म्हणून शिरला. पाचव्या आवृत्तीच्या २०२४ च्या सुधारणेने हा दोष दूर करण्याचे साधन दिले आहे. तीत ‘वंश’ हा शब्द गेला आणि गुणवाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. या नियमाने मुल मल्लाचे बळ त्याच्या रक्तातून नव्हे, तर रिंगणात सक्तीने घालवलेल्या वर्षांतून येते. एका रकान्यातील आकडा दुसऱ्या रकान्यात गेला, एवढाच हा बदल आहे. तरीही त्यामुळे मालकाचा युक्तिवाद खोटा ठरतो.

मेजावर बसलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो. भूमिका-खेळात अन्याय वाचला जात नाही, तो वठवला जातो. आजच्या खेळपद्धतीत पहिल्या डावापूर्वी एक बैठक घेऊन कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते पडद्याआड ठेवावेत हे सर्वसंमतीने ठरवले जाते. २०२० च्या अधिकृत ग्रंथातही अशा बैठकीचे मार्गदर्शन आहे. अथाससारख्या जगासाठी ही औपचारिकता नसून पूर्वअट आहे.

उसन्या संस्कृतींचा प्रश्न

अथासची नगरे बेतताना रचनाकारांनी पृथ्वीवरील संस्कृतींचा मुक्त वापर केला. बॅलिकवर ग्रीक नगरांची, युरिकवर मेसोपोटेमियाची, ड्राजवर अॅझ्टेक साम्राज्याची छाया आहे. ‘राम’ या नगराच्या वर्णनात भारतीय खुणा आढळतात. तेथील भ्रष्ट शिपायांना ‘मनसबदार’ असे नाव आहे. मोगल राज्यव्यवस्थेतील दर्जाचा वाचक असलेला हा शब्द आपल्या इतिहासग्रंथांतून परिचित असल्याने ही उसनवारी मराठी वाचकाला तत्काळ जाणवते. शब्द उचलला गेला, त्यामागील व्यवस्था मागेच राहिली. ड्राजच्या बाबतीत अॅझ्टेक संस्कृतीतून नरबळीच तेवढा ठळकपणे घेतला गेला.

डोंगरापलीकडच्या अरण्यात राहणाऱ्या ‘हाफलिंग’ या बुटक्या जमातीला नरभक्षक ठरवण्यात वसाहतकालीन प्रवासवर्णनांचा ठसा स्पष्ट दिसतो. परंतु याच कथाविश्वाच्या पुढील ग्रंथांत हाफलिंग हे अथासचे आद्य रहिवासी व एका प्रगत जीवनशास्त्राचे जनक होते, असे उघड होते. नागर पात्रांच्या तोंडी त्यांच्याविषयीचे भय ठेवून खेळाडूंना क्रमाने सत्य उमगू देणे शक्य आहे. म्हणजे दोषाची दुरुस्ती बाहेरून आणण्याची गरज नाही. तिची सामग्री मूळ कथाविश्वातच आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात.

१. ‘डार्क सन’मधील वाळवंट ही पार्श्वभूमी नसून परिणाम आहे. सामर्थ्याची किंमत दुसऱ्यावर ढकलली गेल्याने ते घडले आहे आणि हे कारण नियमांतून जाणवले पाहिजे.

२. टंचाई वाढवणे म्हणजे पुनर्रचना नव्हे. पाणी, शस्त्र व मंत्र यांच्या वापरातून खेळाडूसमोर खरी निवड उभी राहते का, हे पाहणे आवश्यक आहे.

३. विध्वंसाची किंमत केवळ साथीदारांवर न टाकता, मेजावर ज्यांचा आवाज नाही अशा भूमीवर व वस्त्यांवर पडताना दाखवली पाहिजे. १९९१ च्या नियमाचे बळ आणि २०१० च्या नियमाची दृश्यता यांचा मेळ त्यातून साधतो.

४. गुलामगिरीचा विषय काढून टाकल्याने कथाविश्व निरुपद्रवी होईल, पण निरर्थकही होईल. जुलमाला निसर्गनियम ठरवणारे जुने नियम मात्र बदललेच पाहिजेत.

५. काळरेषा मुक्तीच्या पहिल्या क्षणी ठेवणे इष्ट आहे. राजा मेला आहे, गुलाम मुक्त आहेत, कोठारे रिकामी आहेत आणि विहिरीचे पाणी कोणी किती घ्यायचे हे ठरायचे आहे. हा निर्णय ग्रंथाने न देता खेळाडूंवर सोपवला, तर जुने कथाविश्व नव्या पिढीचे होते.

पुनर्कथनाच्या अभ्यासात आशय व रूप यांच्या संबंधाची चर्चा बहुधा कादंबरी, नाटक व चित्रपट यांपुरती मर्यादित राहते. नियम हेही अर्थ व्यक्त करण्याचे साधन आहे, याचे ‘डार्क सन’ हे बोलके उदाहरण होय. अनुभवगुणांच्या एका कोष्टकाने पर्यावरणाच्या ऱ्हासाचे जे अर्थशास्त्र मांडले, ते खेळाडूला ऐकून नव्हे, तर स्वतः निवड करून कळते. साहित्य, पर्यावरण व अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी या माध्यमाकडे गांभीर्याने पाहावे, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.